कॅनडात येणारी माणसं: कुठे उतरतात, कुठे टिकतात

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. मधली शीर्षकं वाचकांच्या सोयीसाठी घातली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय कॅनडातलं स्थलांतर. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघतं ते बहुतेक वेळा एका आकड्यावरून. 'यंदा कॅनडा इतके लाख लोक घेणार', 'पुढच्या वर्षीचा कोटा कमी केला', 'विद्यार्थ्यांचे व्हिसा घटवले'. ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे शिकायला गेलंय किंवा जायच्या विचारात आहे, त्यांना हे आकडे पाठ असतात. पण या एका आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

कॅनडा हा दहा प्रांतांचा आणि उत्तरेकडच्या तीन विरळ वस्तीच्या प्रदेशांचा देश आहे. प्रत्येक भागाची गरज वेगळी आहे. तिथे येणारा माणूस वेगळा, तो ज्या वाटेनं येतो ती वाट वेगळी, आणि आल्यावर तो तिथे राहील की दोन वर्षांत सामान बांधून निघेल, हेही वेगळं. २०२४ पासून तिथल्या सरकारनं जी कपात केली, तिचं मुख्य कारण काही मोठ्या शहरांतली घरांची टंचाई हे होतं. झळ मात्र अशा प्रांतांनाही लागली ज्यांना माणसं हवी आहेत. हे कसं घडलं ते आज समजून घेऊ.

आधी मोठं चित्र

२०२१ च्या जनगणनेत कॅनडाच्या लोकसंख्येपैकी २३ टक्के लोक परदेशातून येऊन कायम झालेले होते, म्हणजे सुमारे ८३ लाख. १८६७ साली कॅनडा हे संघराज्य उभं राहिलं, तेव्हापासूनचं हे सर्वांत जास्त प्रमाण. याआधीचा उच्चांक १९२१ चा होता, २२.३ टक्क्यांचा. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत जे १३ लाख नवे लोक कायम झाले, त्यांतले १८.६ टक्के भारतातून आलेले. म्हणजे पाचांत जवळपास एक. त्याखालोखाल फिलिपिन्स आणि चीन.

इथे दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक 'कायम निवासी', ज्याला आपण सगळे पीआर म्हणतो. दुसरा 'तात्पुरता निवासी', म्हणजे विद्यार्थी, ठराविक मुदतीच्या परवान्यावर काम करणारे, आणि आश्रय मागायला आलेले लोक. बातमीतला वर्षाचा कोटा बहुतेक वेळा फक्त पीआरचा असतो. २०१५ साली सुमारे २ लाख ७० हजार लोकांना पीआर मिळाला. २०२१ मध्ये ४ लाख ६ हजारांना, २०२३ मध्ये ४ लाख ७१ हजारांना. वाढ मोठी आहे, पण सरकारनं जाहीर करून, ठरवून केलेली आहे.

तात्पुरत्यांना मात्र २०२४ पर्यंत कुठलीही एकूण मर्यादाच नव्हती. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या सुमारे १२ लाख ७० हजारांनी वाढली. ३.२ टक्के. १९५७ नंतर इतक्या वेगानं ती कधी वाढली नव्हती. यातली जवळपास ९८ टक्के वाढ स्थलांतरातून आली, आणि तीत तात्पुरत्यांची संख्या आठ लाखांच्या वर होती. म्हणजे दरवर्षी ज्या कोट्यावर चर्चा व्हायची, त्याच्या बाहेरूनच जास्त माणसं येत होती.

किल्ली कुणाकडे आहे?

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. कॅनडाच्या राज्यघटनेत स्थलांतर हा केंद्र आणि प्रांत या दोघांचा मिळून विषय आहे. अंतिम शब्द केंद्राचा, पण प्रांतांनाही हात घालता येतो. क्वेबेकनं हा हात सगळ्यात आधी घातला. १९९१ च्या करारानुसार आपल्याकडे येणारे नोकरी-व्यवसायाचे स्थलांतरित क्वेबेक स्वतः निवडतो.

दुसरी. बाकीच्या प्रांतांसाठी १९९८ च्या सुमारास 'प्रांतीय नामांकन' ही योजना सुरू झाली. तिकडे जाणाऱ्यांच्या तोंडी तिचं नाव पीएनपी. प्रांत म्हणतो, 'आम्हाला हा माणूस हवा आहे', आणि केंद्र तब्येत, गुन्ह्यांची नोंद वगैरे तपासून त्याला पीआर देतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एकदा पीआर मिळाला की त्या माणसाला देशात कुठेही राहायचा आणि काम करायचा हक्क आहे. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतलं सहावं कलम हा हक्क नागरिकांना देतं तसाच कायम निवाशांनाही देतं. मॅनिटोबानं निवडलेला माणूस दुसऱ्या महिन्यात टोरंटोला गेला तर मॅनिटोबा त्याला अडवू शकत नाही.

थोडक्यात, दार उघडायची किल्ली प्रांताकडे थोडीफार आहे, पण आत आलेल्याला धरून ठेवायची कडी कुणाकडेच नाही. आलेला माणूस टिकतो तो नोकरी, घर, भाषा, मुलांची शाळा आणि ओळखीपाळखीची माणसं यांच्या जोरावर. ज्या प्रांतांना हे लवकर उमगलं, त्यांचं चित्र बदललं.

मॅनिटोबाचं उदाहरण

नव्वदच्या दशकात कॅनडात येणारा माणूस म्हणजे टोरंटो, मॉन्ट्रियल किंवा व्हँकुव्हर, असंच समीकरण होतं. २००१ च्या जनगणनेत आधीच्या पाच वर्षांत आलेल्यांपैकी जवळपास ५६ टक्के एकट्या ओंटारिओत होते. मधल्या गव्हाच्या सपाट प्रदेशातले प्रांत, म्हणजे मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान, यांच्या वाट्याला अनुक्रमे १.८ आणि १ टक्का. शंभर वर्षांपूर्वी याच भागात युक्रेन आणि पूर्व युरोपातून शेतकरी कुटुंबं येऊन वसली होती. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आता शहरांकडे निघाली होती.

मॅनिटोबानं पीएनपीचा वापर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात केला. त्यांनी निवडीचा एक वेगळाच निकष ठेवला. मोठी पदवी आणि भरपूर अनुभव असलेला माणूस कुठेही जाऊ शकतो, आणि तो जातोच. म्हणून मॅनिटोबानं विचारलं, 'तुझं इथे कुणी आहे का?' नातेवाईक, मित्र, आधीची नोकरी, आधीचं शिक्षण, यातलं काही असलं तर गुण. विनिपेगमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस कपड्यांच्या कारखान्यांत कामाला आलेल्या फिलिपिनो बायकांपासून सुरू झालेली एक वस्ती होतीच. तिला धरून पुढची माणसं आली. दक्षिणेकडे विंकलर आणि स्टाइनबाख या छोट्या गावांत जर्मन बोलणारे मेनोनाइट पंथाचे लोक आधीपासून होते. त्यांच्या ओळखीनं जर्मनी आणि पॅराग्वेतून त्याच पंथाची कुटुंबं आली. ब्रँडन गावात डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना निघाला आणि स्थानिक माणसं पुरेनात, तेव्हा एल साल्वादोर, चीन, युक्रेन अशा देशांतून आधी तात्पुरत्या परवान्यावर कामगार आणले गेले, आणि मग प्रांतानं त्यांचं नामांकन केलं. त्यांनी बायका-मुलं आणली आणि गावाच्या शाळांत पाच-दहा भाषा ऐकू येऊ लागल्या.

मॅनिटोबात नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्षाला तीन-चार हजार लोक येत. २०१० साली हा आकडा पंधरा हजारांच्या वर गेला. बाकीच्या प्रांतांनी हे पाहिलं आणि तीच वाट धरली. २०१६ च्या जनगणनेत नव्यानं आलेल्यांमधला ओंटारिओचा वाटा ५६ वरून ३९ टक्क्यांवर उतरला होता. मॅनिटोबाचा १.८ वरून ५.२, सस्कॅचेवानचा १ वरून ४ आणि अल्बर्टाचा ६.९ वरून १७.१ वर गेला. पंधरा वर्षांत एका देशाच्या स्थलांतराचा नकाशा इतका बदलणं ही साधी गोष्ट नाही.

अल्बर्टाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे योजनेपेक्षा तेलानं माणसं ओढली. तेलाचा भाव वर तर माणसं येणार, भाव खाली तर येणं मंदावणार. २०१४ मध्ये भाव कोसळल्यावर ते मंदावलंच. अलीकडे मात्र अल्बर्टाला दुसरंच इंजिन मिळालंय. टोरंटो आणि व्हँकुव्हरपेक्षा घर स्वस्त. तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये 'अल्बर्टा बोलावतोय' अशा अर्थाची जाहिरात मोहीम काढली. २०२३ मध्ये दुसऱ्या प्रांतांतून अल्बर्टात आलेले आणि तिथून बाहेर गेलेले यांचा फरक ५५ हजारांच्या वर निघाला. इतका मोठा फरक आधी कुठल्याच प्रांताच्या वाट्याला आला नव्हता. ओंटारिओ त्याच काळात इतर प्रांतांकडे माणसं गमावत होता. म्हणजे परदेशातून आलेला माणूस आधी ओंटारिओत उतरतो, आणि मग तो किंवा त्याच्यामुळे भाडं वाढल्यानं कंटाळलेला जुना रहिवासी कॅल्गरी-एडमंटनचा रस्ता धरतो.

अटलांटिक किनारा: रिकामी होणारी गावं

आता पूर्वेच्या टोकाला येऊ. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड. मासेमारी, कोळसा, लाकूड यांवर जगलेला हा भाग. १९९२ साली कॉड माशांची संख्या इतकी घटली की न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम एका फटक्यात गेलं. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरचा पोलादाचा कारखाना आणि शेवटची कोळशाची खाण २०००-२००१ च्या सुमारास बंद झाली. तरुण मुलं अल्बर्टाच्या तेलावर कामाला गेली. मागे राहिली म्हातारी माणसं. आपल्याला हे चित्र परकं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती.

अटलांटिक प्रांतांत आता जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. बाहेरून माणूस आला नाही तर दवाखान्यात परिचारिका नाही, वृद्धाश्रमात सेवक नाही, मासे साफ करायच्या कारखान्यात कामगार नाही.

२०१७ मध्ये या चार प्रांतांसाठी एक खास प्रायोगिक योजना सुरू झाली आणि २०२२ च्या जानेवारीत ती कायम करण्यात आली. तिच्यात माणसाला बोलावणारा असतो तिथला मालक, आणि नुसतं नोकरीचं पत्र देऊन त्याचं काम संपत नाही. येणाऱ्या कुटुंबासाठी 'वसण्याचा आराखडा' तयार करावा लागतो. भाषेचा वर्ग कुठे, मुलांची शाळा कुठली, मदतीला कोणती संस्था, हे सगळं आधी ठरवायचं. मॅनिटोबानं जे ओळखीपाळखीतून साधलं, ते इथे कागदावर बांधून घ्यायचा प्रयत्न झाला.

फळ दिसलं. देशात नव्यानं आलेल्यांपैकी २००६ मध्ये अटलांटिक प्रांतांचा वाटा १.२ टक्के होता, तो २०२१ मध्ये ३.५ झाला. २०२१ च्या डिसेंबरात नोव्हा स्कोशियाची लोकसंख्या इतिहासात पहिल्यांदा दहा लाखांवर गेली. २०१६ ते २०२१ या काळात सगळ्या प्रांतांत सर्वांत वेगानं वाढला तो इवलासा प्रिन्स एडवर्ड आयलंड. दीड लाख वस्तीचा प्रांत, आठ टक्के वाढ.

पण टिकण्याचं काय? इथे कॅनडाच्या सांख्यिकी खात्याची एक मोजणी उपयोगी पडते. पीआर झाल्यावर पाच वर्षांनी माणूस त्याच प्रांतात आहे का, हे ते कराच्या विवरणपत्रांवरून तपासतात. ओंटारिओत उतरलेल्यांपैकी दहातले नऊ तिथेच सापडतात. प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये निम्मेही सापडत नाहीत. दहा प्रांतांत हे प्रमाण सर्वांत कमी. मोठं शहर नाही, पहिल्या नोकरीनंतर दुसरी मिळायची शाश्वती नाही, आपल्या भाषेतली माणसं कमी. 'किती आले' या आकड्यावर खूश होणाऱ्या माणसानं 'किती राहिले' हा आकडाही विचारावा, तो यासाठी.

क्वेबेक: भाषा आधी

क्वेबेकचा प्रश्न संख्येइतकाच भाषेचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या खंडात फ्रेंच टिकवायची ही त्यांची मूळ चिंता. १९७७ च्या भाषा कायद्यानं स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. निवड करतानाही फ्रेंच येणाऱ्याला झुकतं माप. त्यामुळे तिथे येणारी माणसं फ्रान्स, अल्जिरिया, मोरोक्को, हैती, कॅमेरून अशा देशांतली जास्त. भारतीय कमी.

पीआरच्या बाबतीत क्वेबेकनं हात आखडता ठेवला. देशात नव्यानं आलेल्यांपैकी २०११ मध्ये १९ टक्के क्वेबेकमध्ये होते, २०२१ मध्ये १५.३. पण तात्पुरत्यांची संख्या त्यांच्याही हाताबाहेर गेली. न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीवर रॉक्सहॅम रोड नावाचा एक साधा गाडीरस्ता आहे. तिथून पायी हद्द ओलांडून आश्रय मागणारे २०२२ या एका वर्षात सुमारे ३९ हजार होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेबरोबरच्या करारात बदल करून ती वाट बंद केली. तरी विद्यार्थी, कामगार आणि आश्रयार्थी मिळून २०२४ पर्यंत क्वेबेकमधले तात्पुरते रहिवासी पाच लाखांच्या पलीकडे गेले होते. त्यावर प्रांतानं पीआरचा आकडा आणखी कमी करायचं ठरवलं, आणि तिथेच शिकलेल्या-राबलेल्या लोकांना पीआर देणारा एक जुना मार्ग नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद केला. वर्षानुवर्षं फ्रेंच शिकून त्या मार्गाची वाट पाहणारी माणसं अधांतरी राहिली.

ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबिया: कॉलेजनं ठरवलेला पत्ता

आता ज्या भागामुळे हा सगळा वाद पेटला तिकडे येऊ.

मघाशी म्हटलं की २०१६ पर्यंत ओंटारिओचा वाटा ३९ टक्क्यांवर उतरला होता. २०२१ मध्ये तो पुन्हा ४४ झाला. पंधरा वर्षं माणसं देशभर पसरत होती, मग ती परत एकाच जागी का गोळा व्हायला लागली?

मोठं कारण म्हणजे पीआरची वाट बदलली. पूर्वी माणूस बाहेरूनच पीआर घेऊन यायचा. आता तो आधी विद्यार्थी म्हणून येतो, शिकल्यावर तीन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना घेतो, अनुभव जमवतो आणि मग पीआरचा अर्ज करतो. विद्यार्थ्यानं कुठल्या गावात उतरायचं ते कुठलीच स्थलांतर योजना ठरवत नाही. ते कॉलेज ठरवतं. आणि कॉलेज ठरवतं ते स्वतःच्या हिशेबानं.

ओंटारिओ सरकारनं २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि मग गोठवली. सरकारी अनुदानही तुटपुंजं. खर्च भागवायला कॉलेजांकडे एकच मार्ग उरला, बाहेरचा विद्यार्थी, कारण त्याची फी कितीतरी पट. मग सरकारी कॉलेजांनी खासगी संस्थांशी करार करून टोरंटोच्या उपनगरांत शाखा काढल्या. किचनर गावच्या एकाच कॉलेजाला २०२३ मध्ये तीस हजारांवर परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने मिळाले. २०२३ च्या अखेरीस देशात विद्यार्थी परवाना असलेले दहा लाखांवर होते. निम्म्याहून जास्त ओंटारिओत, त्याखालोखाल ब्रिटिश कोलंबियात. त्यांतले सुमारे ४० टक्के भारतीय.

ब्रॅम्प्टन किंवा सरेमधल्या तळघरात एकेका खोलीत चार-पाच मुलं राहतात, हे आपण ऐकलंच असेल. विद्यार्थी दोषी नव्हता. त्याला सांगितलं गेलं होतं की ही पीआरची पहिली पायरी आहे. कॉलेजला पैसा मिळाला, मालकाला स्वस्त कामगार, घरमालकाला भाडं. घरं मात्र तितकी बांधली गेली नाहीत.

असं फक्त मोठ्या प्रांतातच झालं असंही नाही. केप ब्रेटनवर सिडनी नावाचं गाव आहे. पोलाद गेलं, कोळसा गेला, पण विद्यापीठ होतं. २०२३ मध्ये त्याची विद्यार्थिसंख्या नऊ हजारांच्या वर गेली, बहुसंख्य परदेशी, त्यांत भारतीय पुष्कळ. गावात जाग आली हे खरं. आणि घरं, बस, अर्धवेळ नोकऱ्या अपुऱ्या पडल्या हेही तितकंच खरं.

कपात

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं विद्यार्थी परवान्यांवर पहिल्यांदा मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. वाटणी प्रांतांच्या लोकसंख्येनुसार, त्यामुळे सर्वांत मोठा घाव ओंटारिओवर. इथपर्यंत औषध दुखण्याच्या जागी होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढचं पाऊल पडलं. पीआरचं लक्ष्य २०२५ साठी ३ लाख ९५ हजार, २०२६ साठी ३ लाख ८० हजार. आणि तात्पुरत्या लोकांचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, ते पाच टक्क्यांवर आणायचं. परिणाम झपाट्यानं दिसला. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत कॅनडाची लोकसंख्या सुमारे ७६ हजारांनी घटली. टोरंटो-व्हँकुव्हरमध्ये नव्या भाडेकरूंना सांगितली जाणारी भाडी उतरली. घर शोधणाऱ्याला दिलासा मिळाला, हे मान्य करायला हवं.

पण त्या ऑक्टोबरच्या आराखड्यात आणखी एक ओळ होती. प्रांतीय नामांकनाचं लक्ष्य १ लाख १० हजारांवरून ५५ हजारांवर. म्हणजे निम्मं. ज्या एका साधनानं माणसं तीन मोठ्या शहरांबाहेर गेली, तेच साधन अर्धं केलं. टोरंटोतली घरांची टंचाई आणि न्यूफाउंडलंडमधली परिचारिकांची टंचाई, दोन्हींना एकाच मापाची कात्री लागली. छोट्या प्रांतांनी जोरात तक्रार केली. काहींना थोड्या जागा परत मिळाल्या. नोव्हेंबर २०२५ च्या आराखड्यात २०२६ साठी हा आकडा पुन्हा ९१,५०० वर नेला. एका वर्षात अर्धं करायचं आणि पुढच्या वर्षी बरंचसं परत द्यायचं, यातच काय ते आलं.

मधल्या मधे अडकली ती माणसं. प्रिन्स एडवर्ड आयलंडनं २०२४ मध्ये आपली नामांकनं कमी केली आणि दुकान-हॉटेलांतल्या कामगारांना मागे टाकलं. त्याच वर्षी मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये तरुणांनी धरणं धरलं, उपोषण केलं. बहुतेक भारतीय. त्यांतले अनेकजण दुसऱ्या प्रांतातून तिथे आले होते, ते 'छोट्या प्रांतात पीआर लवकर होतो' या भरवशावर. नियम कागदावर बदलला, पण त्यांची दोन-तीन वर्षं आणि घरच्यांचं कर्ज परत मिळणार नव्हतं.

म्हणून माझा मुद्दा एवढाच. देशाला किती माणसं हवीत हा एक प्रश्न. ती कुठे हवीत, कुठल्या वाटेनं आणायची आणि तिथे टिकतील असं काय करायचं, हे वेगळे तीन प्रश्न. मॅनिटोबानं आणि अटलांटिक प्रांतांनी त्या तिघांवर काम केलं तेव्हा नकाशा बदलला. देशानं पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आधी मोठ्या आकड्यानं दिलं आणि मग छोट्या. दोन्ही वेळा बाकीचे तीन मागे पडले.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मग आत्ता ज्यांची मुलं जायच्या विचारात आहेत त्यांनी कुठला प्रांत निवडावा?*

प्रांताचं नाव मी सांगणार नाही, कारण नियम वर्षाच्या आत बदलतात, हे आत्ताच पाहिलं. पण एजंटला विचारायचे प्रश्न सांगतो. या अभ्यासक्रमानंतर कामाचा परवाना मिळतो का? २०२४ पासून सरकारी-खासगी भागीदारीच्या अभ्यासक्रमांना नव्या विद्यार्थ्यांसाठी तो बंद झालाय, आणि कॉलेजच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना विषयाची अट लागलीय. या प्रांताचं नामांकन कुठल्या व्यवसायांना मिळतंय? दाखवायची शिल्लक किती? ती वर्षानुवर्षं दहा हजार डॉलर होती, जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ झाली आणि त्यानंतरही वाढली. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. पीआर मिळालाच नाही, तर या शिक्षणाचा आणि या कर्जाचा हिशेब जमतो का? जमत असेल तर जावं.

*प्रश्न: फ्रेंच शिकून फायदा होतो म्हणतात. ते फक्त क्वेबेकसाठी का?*

नाही, आणि इथेच गंमत आहे. केंद्राला क्वेबेकच्या बाहेरही फ्रेंच बोलणारी वस्ती टिकवायची आहे, म्हणजे न्यू ब्रन्सविकमधलं मॉन्कटन, उत्तर ओंटारिओ, मॅनिटोबातलं सेंट बोनिफेस. त्यासाठी पीआर देताना फ्रेंच येणाऱ्यांचा २०२३ पासून वेगळा गट केलाय, आणि तो क्वेबेकबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे. मात्र दोन महिन्यांचा क्लास पुरत नाही. परीक्षेत चारही कौशल्यांत चांगली पातळी लागते.

*प्रश्न: पीआर देताना पाच वर्षं त्याच प्रांतात राहायची अट घातली तर प्रश्न सुटणार नाही का?*

ही सूचना तिथेही अधूनमधून होते. पहिली अडचण सनदेच्या सहाव्या कलमाची. दुसरी अडचण माणुसकीची. ज्याला गाव सोडता येत नाही, त्याला मालक काहीही ऐकवू शकतो. एकाच मालकाशी बांधलेल्या परवान्यावर आलेल्या शेतमजुरांचे हाल कॅनडात नवे नाहीत. आणि जिथे माणसं टिकली तिथे ती बांधून ठेवल्यामुळे टिकली नाहीत. ब्रँडनमध्ये कारखान्यातल्या कामगाराची बायको-मुलं आली, मुलगी शाळेत गेली, दोन वर्षांनी मेहुणाही आला. मग ते कुटुंब कुठे जाईल?